डॉक्टरची चिठ्ठी आणि सरहद्द

काही दिवसांपूर्वी आमच्या नात्यातील एका कुटुंबात ठाण्याच्या लग्नाला जाण्याची तयारी चालली होती. घरातील मोठ्या मावशींना पार्किन्सनचा आजार आहे. इस्रायलमधील डॉक्टरांच्या चिठ्ठीवर त्यांना कॅनाबिसच्या तेलाचे थेंब मिळतात व त्यामुळे रात्री चार तास झोप लागते. दुबईमार्गे तिकीट स्वस्त पडत होते, शिवाय वाटेत दोन दिवस दुबई पाहण्याचा मुलांचा बेत. मावशींच्या मुलाने मला विचारले, "चिठ्ठी हिब्रूत आहे. इंग्रजी करून घेतली म्हणजे तिथे चालेल ना? नाहीतर तिथल्या डॉक्टरकडून नवी लिहून घेऊ."

मी सांगितले, "यातले एकही होणार नाही." पण नुसत्या नकाराने माणसाचे समाधान होत नाही. एकाच झाडाचा रस एका देशात औषध आणि तीन तासांच्या उड्डाणानंतर गुन्हा का ठरावा, हे समजून घ्यायचे तर थोडे मागे जावे लागेल.

ते झाड आपल्या वाडवडिलांना अनोळखी नव्हते. पाने ती भांग, फुलांचे तुरे तो गांजा आणि चीक तो चरस, हा भेद आपल्या देशात लहानथोरांना ठाऊक होता. आयुर्वेदात त्याला विजया म्हणतात. इंग्रजी वैद्यकात ते आणले विल्यम ओशॉनेसी या आयरिश डॉक्टरने. कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजात त्याने धनुर्वात, संधिवात, पटकी अशा रोग्यांवर त्याचे प्रयोग करून 1839 साली ते प्रसिद्ध केले. (हिंदुस्थानात तारायंत्र उभारणारा ओशॉनेसी तो हाच.) पुढे गांजाचा अर्क ब्रिटिश औषधकोशात दाखल झाला. त्या काळी आपल्या समाजातील कित्येक जण फौजेत व सरकारी दवाखान्यांत हॉस्पिटल असिस्टंट होते. औषधांच्या कपाटातील ती बाटली त्यांच्या हाताखालून गेलीच असेल.

दवाखान्याबाहेर गांजा सरकारी परवान्याच्या दुकानात मिळे. मुंबई इलाख्यात तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात त्याची लागवड होत असे. विलायतेच्या पार्लमेंटात यावर प्रश्न विचारला गेला, तेव्हा सरकारने 1893 साली सात सभासदांचे एक कमिशन नेमले. त्याने देशभर हिंडून हजारावर साक्षी घेतल्या. 1894 च्या अहवालातील निष्कर्ष असा, की बेताने घेणाऱ्यास फारसा अपाय होत नाही, अतिरेक मात्र घातक. म्हणून सरसकट बंदी न घालता कर व परवाना यांनी आळा घालावा.

मग हे औषध मागे का पडले? कारण त्याचा भरवसा नव्हता. एका बाटलीने रोगी गाढ झोपे, दुसरीने काहीच होत नसे, कारण झाडातील नेमका कोणता अंश काम करतो हे कोणास ठाऊक नव्हते. अफूतून मॉर्फिन वेगळे काढता आले होते, ते मोजून टोचता येई. गांजाचे तसे नव्हते. 1932 साली तो ब्रिटिश औषधकोशातून वगळला गेला. दरम्यान 1925 च्या जिनिव्हा कराराने त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आले होते आणि 1961 च्या संयुक्त राष्ट्रांच्या कराराने त्यास अफूच्या पंगतीस बसवले. त्या करारात औषध व संशोधन यांसाठी वाट मोकळी ठेवली आहे. पण ती वाट उघडायची की नाही, हे प्रत्येक देशाने आपापले ठरवायचे. सारी मेख इथेच आहे.

इस्रायलने ती वाट उघडली. रेहोवोतच्या वाइझमन संस्थेतील तरुण शास्त्रज्ञ राफाएल मेशुलाम यांनी पोलिसांनी जप्त केलेला पाच किलो हशीश मागून घेतला आणि चक्क बसमधून प्रयोगशाळेत आणला. 1964 साली त्यांनी येहिएल गाओनी यांच्यासह त्यातील नशा आणणारे द्रव्य वेगळे करून त्याची रचना जगापुढे मांडली. शंभर वर्षे डॉक्टरांना न सापडलेला तो नेमका अंश हाच. 1990 नंतरच्या दशकात येथे मोजक्या रोग्यांना परवाने मिळू लागले. 2024 पासून पार्किन्सनसारख्या काही आजारांत स्वतंत्र परवान्याऐवजी कुपात खोलिमच्या तज्ज्ञ डॉक्टरची चिठ्ठी पुरते. मेशुलाम 2023 साली वारले, पण मावशींच्या उशाशी असलेली कुपी ही त्यांचीच पुण्याई.

संयुक्त अरब अमिरातींची वाट निराळी. हे राज्य 2 डिसेंबर 1971 रोजी जन्मले. 1995 च्या कायद्याने तेथे सेवनासाठीही किमान चार वर्षांची कैद ठेवली. 2021 च्या नव्या कायद्याने पहिल्या गुन्ह्याची किमान शिक्षा तीन महिन्यांवर आणली व प्रवाशाकडे प्रथमच असा अंश असलेला पदार्थ सापडल्यास तो जप्त करून नष्ट करण्याची सवलत दिली. मात्र सवलत म्हणजे परवानगी नव्हे. रक्तात अंश आढळला तरी खटला होऊ शकतो. इतर कडक औषधांसाठी तेथील आरोग्य मंत्रालयाकडे प्रवासापूर्वी अर्ज करून संमती मिळवता येते. पण परदेशी चिठ्ठीवरचे कॅनाबिसचे तेल त्या सोयीत बसत नाही, आणि आपल्याकडे मिळते तशी चिठ्ठी पाहुण्याला लिहून देण्याची रीत तेथे नाही.

सप्टेंबर 2020 च्या करारानंतर इस्रायल आणि अमिरातींत विमाने सुरू झाली, आणि मुंबईला जाणाऱ्या आपल्या कुटुंबांपुढे हा प्रश्न उभा राहिला. पूर्वी तो नव्हताच, कारण ती वाटच नव्हती. आणि मुंबईत उतरल्यावर तरी सुटका कुठे? भारताच्या 1985 च्या कायद्याने गांजा व चरस निषिद्ध आहेत आणि इस्रायलची चिठ्ठी तेथेही परवाना ठरत नाही.

मावशींनी आधी डॉक्टरांना विचारले. असे औषध आपल्या मनाने एकाएकी बंद करू नये. डॉक्टरांनी महिनाभर आधी थेंब हळूहळू कमी केले, प्रवासापुरत्या दुसऱ्या गोळ्या दिल्या आणि इंग्रजीत पत्र लिहून दिले. दुबईचा बेत रद्द झाला, नातवंडे हिरमुसली; तिकिटाला चार पैसे जास्त पडले. हळदीच्या रात्री मावशींचा हात पुष्कळ थरथरत होता, झोपही लागली नाही. पण नवरीला हळद त्यांनी स्वतःच्या हाताने लावली, आणि परत आल्यावर कुपी कपाटात होती तशीच होती.

कायदे बदलतात. गेल्या दोनशे वर्षांत या एका झाडाच्या बाबतीत ते किती वेळा बदलले, ते आपण पाहिलेच, पुढेही बदलतील. म्हणून ज्यांच्या घरी अशी कुपी आहे त्यांनी तिकीट काढण्याआधी ज्या ज्या देशात पाय ठेवायचा तेथील वकिलातीत चौकशी करावी, आणि आपल्या डॉक्टरांचे ऐकावे. दुखणे माणसाबरोबर सरहद्द ओलांडते, पण चिठ्ठी ओलांडेलच असे नाही. सुज्ञास अधिक सांगणे न लगे.