ग्रंथिक सन्निपात : भयाकडून ज्ञानाकडे

रोगाची साथ ही जशी शरीराची, तशीच समाजाच्या विवेकाचीही परीक्षा होय. प्लेगचा, म्हणजे आपल्याकडील ग्रंथिक सन्निपाताचा, इतिहास चाळताना आम्हांस हे पदोपदी जाणवते.

इ. स. १३४७ मध्ये ही महामारी सिसिलीच्या किनाऱ्यास लागली आणि थोड्याच वर्षांत युरोपातील निदान एकतृतीयांश लोक तिने गिळले. कारण कोणासच कळेना. कोणी तो ईश्वरी कोप मानून आपल्याच पाठीवर आसूड ओढीत गावोगाव हिंडले. कोणी ज्यूंनी विहिरींत विष कालविल्याची आवई उठविली. स्ट्रासबुर्ग नगरात १३४९ साली शेकडो निरपराध ज्यूंस जाळण्यात आले. भ्यालेला समाज आधी अपराधी शोधतो, औषध मागाहून!

पुढे अनुभवाने शहाणपण आले. रागुझा बंदराने १३७७ साली साथीच्या मुलखातून येणाऱ्यांस ३० दिवस बाहेर ठेवण्याचा नियम केला. पुढे ही मुदत ४० दिवसांची झाली व ‘चाळीस’ या अर्थाच्या इटालियन शब्दावरून ‘क्वारंटाइन’ हा शब्द रूढ झाला.

परंतु नियमास माणुसकीची जोड नसेल तर तोच जाच होतो. १८९६ साली मुंबईत मांडवीस साथ उद्भवली व लवकरच पुण्यास पोहोचली. तेथे गोऱ्या शिपायांनी घराघरांत शिरून झडत्या घेतल्या. परिणामी लोक रोगी लपवू लागले आणि २२ जून १८९७ रोजी प्लेग अधिकारी रँडवर गोळी झाडली गेली. त्याच वर्षी पुण्यातच सावित्रीबाई फुले रोग्यांची शुश्रूषा करीत होत्या. १० मार्च रोजी त्याच रोगाने त्यांचा अंत झाला. साथ एकच, पण रोग्याच्या दारी जाण्याच्या रीती किती भिन्न!

शास्त्रही स्वस्थ नव्हते. यर्सिन यांनी १८९४ साली हाँगकाँगमध्ये या रोगाचा जंतू शोधला. हाफकिन यांनी १० जानेवारी १८९७ रोजी मुंबईत आपली लस प्रथम स्वतःस टोचून घेतली. १८९८ साली कराचीत सीमाँ यांनी उंदरावरील पिसवांचा दोष दाखविला. उंदीर पडू लागताच घर सोडून माळावर झोपडी घालणाऱ्या आपल्या खेडुतांच्या अनुभवाचे मर्म त्यामुळे उलगडले.

तथापि १९९४ साली सुरतेस साथ आली तेव्हा, गुणकारी औषधे असूनही, लाखो लोक शहर सोडून पळाले. औषध सापडले म्हणून भय आपोआप जात नाही, हेच खरे. म्हणून ज्ञातिबांधवांस आमचे सांगणे इतकेच, की साथीच्या दिवसांत वैद्यकाचे ऐकावे, आवई पसरवू नये, आणि शेजारचे दार आजाऱ्यामुळे बंद झाले तर त्याची विचारपूस बंद करू नये.