मागेल त्यालाच मल्टिकास्ट

जळगाव-धुळ्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत आणि तंत्रनिकेतनांत नेटवर्क शिकणाऱ्यांची मल्टिकास्टशी पहिली गाठ बहुधा प्रयोगशाळेत पडते. सगळ्या संगणकांवर एकाच वेळी ऑपरेटिंग सिस्टिम चढवायची असते, नाहीतर एका वर्गातले व्याख्यान शेजारच्या इमारतीत दाखवायचे असते. प्रत्येकाला वेगळी प्रत देण्यापेक्षा एकच प्रत सोडावी आणि ज्याला हवी त्याने घ्यावी, इतका हा विचार साधा आहे. स्टॅनफर्डच्या स्टीव्ह डीरिंग यांनी १९८९ साली आरएफसी १११२ मध्ये त्याचे नियम बांधले. २२४.०.०.० ते २३९.२५५.२५५.२५५ हे पत्ते गटांचे. तिथे कोणतेही एक यंत्र राहत नाही.

घोटाळा होतो तो स्विचपाशी. कोणते यंत्र कोणत्या पोर्टवर आहे, हे स्विच आलेल्या फ्रेममधल्या प्रेषकाच्या पत्त्यावरून शिकतो. गटाचा पत्ता प्रेषक म्हणून कधी येतच नाही. मग स्विच तरी काय करणार? तो ती फ्रेम सगळ्या पोर्टांवर सोडून मोकळा होतो, आणि कार्यालयातल्या प्रिंटरच्या वायरीतूनही व्याख्यान वाहू लागते.

धुळे जिल्ह्यात पांझरेकाठच्या पाणीवाटपाच्या फड पद्धतीत कोणत्या फडाची पाळी आहे हे पाटकऱ्याला ठाऊक असते. तो तेवढीच चारी उघडतो. स्विचमधला पाटकरी म्हणजे आयजीएमपी स्नूपिंग. यंत्रे आयजीएमपी संदेशांतून राउटरला आपली मागणी कळवतात. स्विच ती वाटेत ऐकतो आणि कोणत्या पोर्टवरून आली ते टिपून ठेवतो. दुसऱ्या थरावरच्या उपकरणाने तिसऱ्या थरावरच्या बोलण्याला कान लावावा, हे काटेकोर मंडळींना रुचत नाही. २००६ च्या आरएफसी ४५४१ मध्येही या रीतीला मानकाचा दर्जा नाही, ते माहितीवजा मार्गदर्शन आहे. मला ही तडजोड शहाणपणाची वाटते.

मात्र तिची एक अट विद्यार्थी हमखास विसरतात. टिपलेली मागणी कायमची नसते. 'कोणाला काय हवे?' असे कोणीतरी ठरावीक काळाने विचारत राहावे लागते. नेहमीचे अंतर १२५ सेकंदांचे. हे काम राउटर करतो. प्रयोगशाळेतल्या एकट्या स्विचला राउटर जोडलेला नसेल, तर विचारणारा कोणीच उरत नाही. २६० सेकंदांनी नोंदी पुसल्या जातात आणि बऱ्याच स्विचांवर चार-साडेचार मिनिटे सुरळीत चाललेले चित्र अचानक थांबते. लोक वायर बदलतात, सर्व्हर पुन्हा चालू करतात. चित्र परत येते आणि तेवढ्याच वेळाने पुन्हा थांबते. स्विचवरच क्वेरिअर, म्हणजे हे विचारण्याचे काम, चालू करणे हा त्यावरचा उपाय आहे.

स्नूपिंगच्या मर्यादाही या पुस्तकात येतील. गटाच्या पत्त्यातले शेवटचे २३ बिटच मॅक पत्त्यात उतरतात, म्हणून ३२ गटांना एकच मॅक पत्ता मिळतो. २२४.०.०. ने सुरू होणारे पत्ते सर्वत्र पसरू द्यावेच लागतात. विद्युत उपकेंद्रांतले आयईसी ६१८५० चे 'गूज' संदेश आयपीवर चालत नाहीत; तिथे स्नूपिंग निरुपयोगी ठरते आणि व्हीलॅनच आखावे लागतात. आयपीव्ही६ साठी आयजीएमपीच्या जागी एमएलडी येते.

पाठांतराची घाई करू नका. दोन संगणक, एक मॅनेज्ड स्विच आणि वायरशार्क एवढ्यावर पहिली तीन प्रकरणे करून पाहता येतात. क्वेरिअर मुद्दाम बंद ठेवा, घड्याळ लावा आणि मगच पहिले प्रकरण उघडा.