गुलबक्षीचं कबरं पान

दिवस कलला की परसात उमलणारी आणि मिऱ्यासारख्या काळ्या बिया देणारी गुलबक्षी आपल्याकडे इतकी रुळली, की मराठीत एका रंगालाच तिचं नाव मिळालं. मूळची ती अमेरिका खंडातली. तिच्या शास्त्रीय नावातलं ‘मिराबिलिस’ म्हणजे अद्भुत, आणि ‘जलापा’ हे मेक्सिकोतल्या एका गावाच्या नावावरून आलेलं. फक्त आईकडून उतरणारा वारसा विज्ञानाला पहिल्यांदा दिसला तो हिच्याच पानांवर.

मेंडेलचं नाव वाटाण्याशी जोडलेलं असलं, तरी गुलबक्षीही त्याच्या बागेत होती. एका बीजांडाच्या फलनाला एकच परागकण पुरतो, हे त्यानं तिच्यावर पडताळून म्युनिकच्या नेगेली या वनस्पतिशास्त्रज्ञाला पत्रानं कळवलं होतं. नेगेलीला मेंडेलच्या कामाचं मोल उमगलं नाही. त्याचाच विद्यार्थी कार्ल कॉरेन्स. 1900 साली मेंडेलचे नियम पुन्हा उजेडात आणणाऱ्यांत तो होता, आणि मेंडेलची ती पत्रंही त्यानंच 1905 मध्ये छापली.

कॉरेन्सनं लाल आणि पांढऱ्या फुलांच्या गुलबक्षीचा संकर केला, तेव्हा रोपांना गुलाबी फुलं आली. पुढच्या पिढीत मात्र लाल, गुलाबी, पांढरी असे एकास दोनास एक वाटे पडले. म्हणजे रंगाचे घटक मिसळून नाहीसे झाले नव्हते. एकानं दुसऱ्याला पुरतं झाकलं नव्हतं, एवढंच. मेंडेलचा हिशेब इथं शाबूत राहिला.

पानांनी मात्र तो हिशेब मानलाच नाही. गुलबक्षीच्या एका वाणाच्या एकाच झाडावर काही फांद्या हिरव्या, काही पांढऱ्या, तर काही हिरव्या-पांढऱ्या चट्ट्यांच्या, म्हणजे कबऱ्या असत. कॉरेन्सनं प्रत्येक फांदीवरच्या फुलांना दुसऱ्या फांद्यांवरचे पराग दिले. हिरव्या फांदीच्या बियांतून हिरवीच रोपं आली, मग पराग कुठल्याही फांदीचा असो. पांढऱ्या फांदीच्या बियांतून पांढरीच आली; अन्न तयार करता न आल्यानं ती लवकर मेली. कबऱ्या फांदीच्या बियांतून तिन्ही तऱ्हेची निघाली. 1909 मध्ये त्यानं हे प्रसिद्ध केलं. त्याच वर्षी एर्विन बाउरनं जिरेनियमच्या कबऱ्या पानांचा अभ्यास मांडला आणि कबरेपणाच्या वारशाचं मूळ पेशीतल्या हरितलवकांत असल्याचं सांगितलं.

आज त्याचं कारण नेमकं सांगता येतं. गुलबक्षीत हरितलवकं बीजांडातूनच पुढच्या पिढीत जातात. परागाकडून येतो तो केंद्रकातला अर्धा वारसा. पेशी विभागताना हरितलवकांची वाटणी काटेकोर नसते. हिरवी आणि रंगहीन अशी सरमिसळ असली, की कुठल्या पेशीच्या वाट्याला काय येईल ते सांगता येत नाही. म्हणून कबऱ्या फांदीची रोपं तीन तऱ्हांची, पण त्यांच्यात ठरावीक प्रमाण नाही. हरितलवकांत आणि पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या तंतुकणिकांत स्वतःचा डीएनए असतो, हे 1960 च्या दशकात दिसलं.

या वारशाशी महाराष्ट्राचं नातं ‘हायब्रीड’ या शब्दातून आहे. खेड्यात हा शब्द ज्वारीच्या एका जातकुळीचं नावच झाला. ज्वारीची फुलं बारीक आणि द्विलिंगी. संकरासाठी शेतभर पुंकेसर हातानं काढणं अशक्य. 1954 मध्ये टेक्सासमध्ये स्टीफन्स आणि हॉलंड यांना आढळलं, की मायलो ज्वारीच्या पेशीद्रव्यात, म्हणजे पेशीच्या केंद्रकाबाहेरच्या भागात, काफिर ज्वारीचं केंद्रक आणलं तर परागच धरत नाही. ही नरवंध्यता आईकडूनच उतरते. परागदात्या वाणात ती दूर करणारं केंद्रकी जनुक असलं, की त्यांच्या संकराचं कणीस दाण्यानं भरतं. याच जोरावर 1964 मध्ये भारताचा पहिला ज्वारी संकर, सीएसएच-1, शेतात आला. आईचा आणि बापाचा वारसा एकमेकांत कसा गुंतलेला आहे, हे त्या भाकरीत होतं.

आपल्या जुन्या वंशावळींत रेघ बापाकडून मुलाकडे जाते. आई बहुधा गाळलेली असते. पण प्रत्येक माणसाच्या तंतुकणिकांतला 37 जनुकांचा डीएनए आईचा, तिच्या आईचा, तिच्याही आईचा असतो. ती रेघ कोणी कागदावर काढली नाही, तरी कधी तुटली नाही.