गावाचा संच, बापाच्या खिशातला फोन

१९७५च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेकडून उसन्या घेतलेल्या उपग्रहावरून सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० गावांत मुलांसाठी दूरदर्शनचे कार्यक्रम पोचू लागले. वर्षभराने उपग्रह परत गेला, खेळ आटोपला. पण तो एकच संच साऱ्या गावाचा होता.

मार्च २०२०मध्ये शाळा बंद पडल्या आणि फोनवर आल्या. फोन बापाचा. बाप कामावर गेला, की शाळाही त्याच्या खिशातून गेली! ‘असर’च्या २०२१च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या ६७.६ टक्के शाळकरी मुलांच्या घरी स्मार्टफोन होता, त्यांतल्या २६.१ टक्के मुलांना तो वापरायलाच मिळत नव्हता.

आमच्या मोहल्ल्यातल्या एका घरी तीन भावंडांत एक फोन. अम्मी म्हणे, “पहले बडे का पेपर.” धाकटीचा नंबर येईतो बॅटरी संपलेली असे.