साच्याचा आळ

शिल्प फार हुबेहूब झाले म्हणून शिल्पकारावर लबाडीचा आळ आल्याचे ऐकले आहे का, मंडळी? ऑग्युस्त रोदँवर तो आला.

१८७५ साली ब्रुसेल्समध्ये त्याने उभ्या पुरुषाची पूर्णाकृती घडवायला घेतली. धंदेवाईक मॉडेल त्याला नको होते. त्या मंडळींना ठरावीक ऐटीत उभे राहायची सवय. म्हणून त्याने ऑग्युस्त नेइट हा बेल्जियन सैनिक निवडला. त्याला तो समोरून, पाठीमागून, कडेने न्याहाळी. शिडीवर चढून वरूनही पाही. मध्येच इटलीला जाऊन मायकेलअँजेलोची शिल्पे बघून आला. आकृतीच्या हाती आधी भाला होता. त्याने कडेने शरीर झाकले जाई, म्हणून तोही काढून टाकला. दीड वर्ष हे चालले.

१८७७ मध्ये ही प्लास्टरची आकृती ब्रुसेल्सला आणि मग पॅरिसच्या सलाँ प्रदर्शनात मांडली गेली. कुजबुज सुरू झाली: हे घडवलेले नाही, जिवंत माणसाच्या अंगावरून साचा काढला आहे! रोदँने नेइटची छायाचित्रे पुरावा म्हणून पुढे केली, तरी संशय लगेच फिटला नाही. अखेर काही नामवंत शिल्पकारांनीच त्याची बाजू घेतली. १८८० मध्ये सरकारने शिल्प विकत घेतले, ते ब्राँझमध्ये ओतले गेले. ‘ब्राँझयुग’ ते हेच.

दरम्यान रोदँने पुढचे शिल्प, संत जॉन, मुद्दामच माणसाहून मोठे केले होते. साचा काढायला तेवढा माणूस आणायचा कुठून?