सुरतेची दप्तरे आणि रणात पडलेल्यांची नावे

सुरतेच्या जुन्या इंग्रज दफनभूमीत सर जॉर्ज ऑक्झेंडन यांची दुमजली, घुमटाकार कबर अद्याप उभी आहे. इंग्रज वखारीचा हा प्रमुख १४ जुलै १६६९ रोजी वारला. त्याचा बंधू ख्रिस्तोफर त्यापूर्वी दहा वर्षे, १६५९ साली, सुरतेसच निवर्तला होता. दोघांचे स्मारक एकच. डचांच्या दफनभूमीत हेंड्रिक व्हॅन ऱ्हीड याची कबर आहे. मलबारच्या वनस्पतींवरील ‘हॉर्टस मलबारिकस’ हा प्रचंड ग्रंथ सिद्ध करविणारा तो हाच. आपल्या महाजन कुळांना या ग्रंथाविषयी विशेष आपुलकी वाटावी. कारण त्याच्या कामी साह्य करणारे कोचीनचे तिघे कोंकणी वैद्य, रंग भट, विनायक पंडित व आपु भट, यांचे १६७५ सालचे नागरी लिपीतील निवेदन त्यात छापलेले आहे. साडेतीनशे वर्षे लोटली तरी ती नावे आपणांस ठाऊक आहेत, ती लिहून ठेवली गेली म्हणून.

मग साहजिकच मनात येते की, याच सुरतेच्या मोहिमांत आपले जे लोक कामी आले त्यांची नावे कोणती?

शिवाजी महाराज प्रथम सुरतेवर आले ते ६ जानेवारी १६६४ रोजी. (इंग्रज तेव्हा जुनी कालगणना पाळीत, आजच्या हिशेबाने तो दिवस १६ जानेवारीचा. जुने कागद वाचताना हा दहा दिवसांचा फरक ध्यानी ठेवावा लागतो.) मोगल अधिकारी इनायतखान किल्ल्यात दडून बसला आणि तहाच्या बोलण्याचे निमित्त करून त्याने एक तरुण महाराजांकडे धाडिला. बोलता बोलता त्याने खंजीर उपसून महाराजांवर झेप घेतली. समोर नंगी तलवार घेऊन उभ्या असलेल्या रक्षकाने तत्क्षणी त्याचा हात छाटला. तरी तो त्याच आवेगात महाराजांवर आदळला आणि दोघेही जमिनीवर कोसळले. महाराज मारले गेले असा गलका होऊन कैद्यांची कत्तल करण्याची हाक उठली. महाराजांनी स्वतः उठून ती आवरली. तथापि चार कैद्यांची शिरे व चोवीस जणांचे हात तोडले गेले, असे इंग्रजांचे लिहिणे आहे, आणि ते झाकून ठेवण्यात इतिहासाची सेवा नाही. सांगावयाचे ते असे की, ज्या एका वारामुळे पुढचा सारा इतिहास घडू शकला, तो वार करणाऱ्या रक्षकाचे नाव या इंग्रजी कागदांत नाही. त्याच वेळी मराठ्यांच्या हाती सापडलेल्या अँथनी स्मिथ नावाच्या इंग्रजाची हकीकत मात्र त्यांत तपशिलाने आली आहे. वखारीच्या कारकुनांनी आपल्या माणसांची नोंद ठेवली. आपल्या माणसांची त्यांनी का ठेवावी?

दुसरी स्वारी १६७० च्या ऑक्टोबरातली. सुरतेहून परतताना बागलाणाच्या वाटेवर दाऊदखानाने मराठ्यांना गाठले आणि १७ ऑक्टोबर रोजी वणी-दिंडोरीच्या परिसरात मोठी झुंज झाली. मोगलांकडील भीमसेन सक्सेना याने तिचे वर्णन लिहून ठेविले असून ते सेतुमाधवराव पगडी यांच्यामुळे मराठी वाचकांस उपलब्ध झाले आहे. आघाडीचा इखलासखान कसा जखमी झाला, तोफखान्याचा मीर अब्दुल माबूद कसा घायाळ होऊन त्याचा एक पुत्र कसा पडला, हे आपणांस कळते. मराठ्यांकडील साधा शिपाई त्यात नावाने येत नाही.

आपल्याकडे याद्या होतच नव्हत्या, असे मात्र कोणी समजू नये. प्रतापगडच्या युद्धानंतर मृतांच्या मुलांना चाकरीत घ्यावे, पुत्र नसेल त्याच्या पत्नीस निम्मे वेतन द्यावे आणि जखमींना जखम पाहून होन द्यावे, असा बंदोबस्त झाल्याचे सभासद सांगतो. पुढील काळातही रणात पडलेल्याच्या कुटुंबास बालपरवेशी म्हणून नेमणूक मिळे. निम्मे वेतन द्यावयाचे तर कोण पडला, त्याच्या मागे कोण, याची लेखी नोंद हवीच. ती झाली असणार. परंतु रायगडावरचे शिवकालीन दप्तर आज आपल्या हाती नाही. उरले ते घरोघरच्या पेट्यांत आणि देवळांच्या माळ्यांवर.

ते शोधण्याचे काम ज्यांनी अंगावर घेतले त्यांत पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाचा मान पहिला. ७ जुलै १९१० रोजी विश्वनाथ काशीनाथ राजवाडे व खंडेराव चिंतामण मेहेंदळे यांनी ते स्थापिले. तत्पूर्वीच १८९८ साली राजवाड्यांनी पानिपतच्या काळातील पत्रांचा पहिला खंड प्रसिद्ध करून एका पराभवाचा वृत्तान्त मराठी माणसाच्या स्वतःच्या अक्षरांत त्याच्यापुढे ठेविला होता. मंडळाची रीत अगदी साधी: गावोगाव हिंडावे, घरधन्याची मनधरणी करावी, रुमाल सोडावे, मोडी वाचावी आणि पाक्षिक सभेत टिपण वाचून ते त्रैमासिकात छापावे. दत्तो वामन पोतदार, गणेश हरि खरे यांच्यासारख्यांची उभी हयात यात गेली. कारीच्या जेधे देशमुखांच्या घरची शकावली लोकमान्य टिळकांनी १९१६ साली प्रसिद्ध केली, तेव्हा एका घराण्याच्या संग्रहाने शिवचरित्रातील कित्येक तिथ्या पक्क्या केल्या. पुढे १९३१ साली पुण्याच्याच शिवचरित्र कार्यालयाने शिवाजी महाराजांविषयीचे १६५९ ते १६८२ पर्यंतचे इंग्रजी कागद एकत्र छापले. सुरतेच्या वखारीची पत्रे सामान्य अभ्यासकाच्या हाती आली ती त्यामुळे. परक्यांचे दप्तर व घरचे दप्तर ताडून पाहण्याची सोय झाली, हा या खटपटीचा खरा लाभ.

शिपायाचे नाव गळणे ही केवळ जुन्या काळची गोष्ट नव्हे. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात मराठा पलटणी लढल्या. २९ एप्रिल १९१६ रोजी कुत पडले तेव्हा वेढ्यात त्याही होत्या. ज्यांच्या कबरी सापडल्या नाहीत अशांसाठी बसऱ्यास १९२९ साली स्मारक उभारले गेले. त्याच्या शिळांवर गोऱ्या सैनिकांची नावे कोरली. हिंदी अधिकाऱ्यांचीही कोरली. हिंदी शिपायांचा मात्र पलटणीपुढे केवळ आकडा घातला. सातारा जिल्ह्यातील अपशिंगे गावाने त्या युद्धात आपले ४६ जवान गमावले. गावाला ते आकड्याने नव्हे, घराघराने ठाऊक होते.

आपल्या देवळांच्या आवारात, तळीच्या काठी वा पिंपळाच्या पारावर, वीरगळ असतात. खालच्या पट्टीत झुंज, मधल्या पट्टीत वीरास नेणाऱ्या अप्सरा, वरती शिवलिंगाची पूजा आणि माथ्यावर चंद्रसूर्य. बहुतेकांवर अक्षर नसते. जीर्णोद्धाराच्या वेळी असे दगड पायरीला वा कुंपणाला लागतात आणि त्याच धांदलीत जुन्या वह्यांचे गठ्ठे वाळवीसह फेकले जातात. इनामाच्या, दिवाबत्तीच्या, वर्षासनाच्या एखाद्या नोंदीत अमुक लढाईत पडलेल्याच्या मुलास जमीन दिल्याचे येऊन जाते. वाचणारा नसला तर ती रद्दी. ज्या महाजन घरांत मोडी रुमाल असतील त्यांनी ते उन्हात घालू नयेत, डिंकाने चिकटवू नयेत. कोरड्या जागी स्वच्छ सुती फडक्यात बांधून ठेवावे आणि जाणकारास दाखवून त्याची नक्कल करून घ्यावी. मूळ कागद घरीच राहिला तरी चालतो.

सुरतेच्या त्या रक्षकाचे नाव अशाच एखाद्या रुमालात असेलही.