हाताच्या नावाचे यंत्र

'मानुस' म्हटले की मराठी कानाला 'माणूस' ऐकू येतो. पण लॅटिनमध्ये 'मानुस' म्हणजे हात. आमच्या गोव्यातल्या जुन्या लोकांना ठाऊक असलेला पोर्तुगीज 'मांव' त्याच घरातला. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेच्या ब्रीदवाक्यातही 'बुद्धी आणि हात' अशी जोडी आहे. पक्षाघाताने लुळ्या पडलेल्या हाताला पुन्हा शिकवणारे 'एमआयटी-मानुस' हे यंत्र तिथलेच.

गंमत म्हणजे नाव हाताचे असले तरी हे यंत्र सुरुवातीला बोटांना शिकवतच नव्हते! रुग्णाने टेबलाशी बसून दांडा धरायचा आणि पडद्यावरच्या खुणेकडे न्यायचा. व्यायाम व्हायचा तो खांद्याला आणि कोपराला. मनगट आणि बोटांसाठीचे भाग मागाहून आले.

नेव्हिल होगन आणि हर्मानो इगो क्रेब्स यांनी १९८९ च्या सुमारास हे काम हाती घेतले. कारखान्यातला रोबो ठरल्या वाटेने जातो, मध्ये कोण आले याची त्याला पर्वा नसते. हे यंत्र मात्र नमते घेणारे. रुग्णाने स्वतः हात हलवला तर ते आड येत नाही. तो अडला तर अलगद पुढे नेते. हात धरून अक्षर गिरवून घेणाऱ्या मास्तरांसारखे.

अशा गिरवण्याला आधारही मिळाला. रँडॉल्फ नूडो आणि सहकाऱ्यांनी १९९६ साली दाखवले की, मेंदूतल्या हाताच्या भागाला इजा झालेल्या माकडांकडून बारीक खळग्यांतून खाद्य उचलण्याचा सराव करून घेतला, तर शेजारचा मेंदू हाताचे काम अंगावर घेऊ शकतो. पण सराव भरपूर हवा. २००९ साली अमेरिका-कॅनडातल्या उपचारांची पाहणी प्रसिद्ध झाली. तीत हाताच्या कामाचा सराव झाला त्या बैठकींत तो सरासरी ३२ वेळाच झालेला आढळला. यंत्र न थकता शेकडो वेळा करून घेते. मग जिंकलेच की!

तसे झाले नाही. अमेरिकेत १२७ माजी सैनिकांवर झालेली चाचणी २०१० साली प्रसिद्ध झाली. १२ आठवड्यांअखेर यंत्राचे उपचार नेहमीच्या उपचारांपेक्षा ठळकपणे सरस ठरले नाहीत. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या ७७० रुग्णांच्या चाचणीत हात थोडा मोकळा झाला, पण त्याने कामे करण्यात फरक पडला नाही. हात हलणे आणि हाताने पेला उचलणे, या दोन वेगळ्या गोष्टी.

आपल्याकडे वेल्लोरला हा भेद फार आधी ओळखला गेला होता. डॉ. पॉल ब्रँड १९४६ साली तिथल्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले आणि कुष्ठरोगाने वाकड्या झालेल्या बोटांवर शस्त्रक्रिया करू लागले. अशा शस्त्रक्रियेत अनामिकेची धडधाकट कंडरा अंगठ्याला जोडता येते. मग अंगठा हलवायचा तर मनात अनामिका वाकवायची, हे रुग्णाला नव्याने शिकावे लागते. म्हणून ब्रँड यांनी शस्त्रक्रियेवर न थांबता रुग्णांना सुतारकामासारख्या उद्योगाला लावले. हात कामात घातला तरच तो परत मिळतो, असा त्यामागचा विचार.

त्याच वेल्लोरच्या संस्थेने आयआयटी मद्रासबरोबर 'प्लूटो' हे छोटे यंत्र घडवले आहे. ते टेबलावर मावते, एकाच मोटरवर चालते. मुठी बदलून मनगट फिरवण्याचा, मूठ उघडण्या-मिटण्याचा सराव त्यावर होतो. प्रचंड किमतीची यंत्रे आपल्या सामान्य इस्पितळांत कुठून यायची? तेव्हा ही वाट मला मोलाची वाटते.

मात्र यंत्र मिळाले नाही म्हणून कपाळाला हात लावून बसू नये, आणि मिळाले म्हणून निर्धास्तही होऊ नये. डॉक्टर आणि फिजिओथेरपिस्ट सांगतील तसे बटण लावणे, पोळीचा तुकडा मोडणे, कडी काढणे हे त्या हाताकडून रोज करून घ्यायला हवे. घाईने आपणच घास भरवून मोकळे होण्यात माया असते खरी, पण त्या हाताची तेवढी संधी हुकते.